वाटीभर सुपाचा हिशेब

गेल्या हिवाळ्यापर्यंत आमच्या घरात सूप एकच होतं, धान्य पाखडायचं. ते स्वयंपाकघरात दाराच्या मागे खिळ्याला टांगलेलं असतं आणि वर्षातून दोन-चार वेळा गहू आले की खाली उतरतं. प्यायचं सूप आम्हाला लग्नाच्या हॉलमध्ये भेटायचं, तेही प्लॅस्टिकच्या कपात, आत चार तळलेले पावाचे तुकडे टाकून. सासूबाई तर सरळ म्हणायच्या, ‘‘अगं, सूप पाखडायचं असतं, प्यायचं असतं ते सार.’’ पण गेल्या हिवाळ्यात हे पाहुणं घरात शिरलं ते एकदम दोन दारांनी. आणि दोन्हीकडून त्याने मला चांगलंच फसवलं. खरं सांगायचं तर त्याने नाही फसवलं, मीच न मोजता त्याच्यावर विश्वास टाकला.

पहिलं दार सासूबाईंच्या आजारपणाचं. वय अठ्ठ्याहत्तर, छातीत कफ साठून न्यूमोनिया झाला, आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, ‘‘थोडे दिवस हलकं द्या. मऊ भात, खिचडी, सूप वगैरे.’’ मी त्यातलं नेमकं ‘सूप’ तेवढं ऐकलं. का कोण जाणे, भात-खिचडी आपली रोजची, म्हणून औषधी वाटत नाही. सूप म्हटलं की कसं इस्पितळातलं, शास्त्रीय वाटतं.

दुसरं दार माझ्या वजनाचं. पन्नाशी जवळ आली, गुडघे बोलायला लागले, काटा एकाहत्तरवर. मग मी ठरवलं, रात्रीची भाकरी बंद. फक्त सूप. एका कुकरमध्ये दोन कामं होतील, घरातली रुग्ण बरी होईल आणि घरातली जाडी बारीक होईल.

तीन आठवडे हा क्रम चालला. सासूबाईंना सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वाट्या सूप. दुधी, टोमॅटो, गाजर शिजवून, मिक्सरमधून काढून, घशात अडकू नये म्हणून गाळणीने गाळून. वर मीठ-मिरपूड. तेल-तूप नको, आजारी माणसाला जड होईल. गाळणीत उरलेला चोथा मी तुळशीच्या कुंडीत घालत होते. सूप पिऊन झालं की त्या हात वर करायच्या, ‘‘पोट भरलं बाई.’’ मग भाताचे दोन घास, कधी तेही नाही. आणि मला मात्र नुसतं दुधीचं पाणी घशाखाली उतरेना, म्हणून माझ्यासाठी वेगळं टोमॅटोचं सूप. हॉटेलसारखं व्हावं म्हणून त्यात थोडं लोणी, थोडी साखर, थोडं क्रीम. सगळं ‘थोडं’.

तीन आठवड्यांनी सासूबाईंना दाखवायला नेलं. दवाखान्यातून निघताना वजन सत्तेचाळीस होतं, आता काटा साडेत्रेचाळीसवर थांबला. आजारपणाची झीज होतीच, पण ती आता भरून यायला हवी होती. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘खातात काय?’’ मी अभिमानाने सांगितलं, रोज चार वाट्या ताज्या भाज्यांचं सूप. ते एवढंच म्हणाले, ‘‘बरं, पण त्यात आहे काय?’’ मला उत्तर देता आलं नाही. जाता जाता मीही काट्यावर उभी राहिले. बहात्तर. भाकरी सोडून एक किलो वाढलं! माझ्या डाएटचं तिथेच सूप वाजलं.

रात्री जेवणं झाल्यावर लेकीची वही घेऊन बसले. ती अकरावीला, सायन्सला. म्हटलं, मला या वाटीत किती कॅलरी आहेत ते काढून दे. आधी तिने माझीच शिकवणी घेतली. आपण ज्याला कॅलरी म्हणतो, पूर्वी पाठ्यपुस्तकात ज्याला उष्मांक म्हणत, ती खरी किलोकॅलरी असते. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला लागते तेवढी उष्णता. मी लगेच म्हटलं, मग गरमागरम सूप पिण्यानेच कितीतरी कॅलरी मिळत असतील! तिने वहीत भागाकार मांडला. दोनशे मिलिलिटरची वाटी, साठ अंशांची, पोटात जाऊन सदतीस अंशांवर आली, तर जेमतेम पाच कॅलरी. आणि त्याही नुसत्या उबेच्या, त्यातून अंगात बळ येत नाही. सासूबाई पलंगावरून ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘‘म्हणजे गरम पाणीच पाजत होतीस म्हण की.’’

बळ येतं ते तीन गोष्टींतून. पिष्ट आणि साखर, एका ग्रॅमला चार कॅलरी. प्रथिनं, त्यालाही चार. आणि तेल, तूप, लोणी म्हणजे स्निग्ध पदार्थ, एका ग्रॅमला नऊ. अ‍ॅटवॉटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हे आकडे बसवले आणि अजूनही पाकिटांवरचे हिशेब बहुधा त्यावरच चालतात. पाण्याला शून्य. मिठाला शून्य. एवढं पाठ केलं तरी निम्मं काम झालं.

पण प्रत्येक भाजीत पिष्ट किती, प्रथिनं किती, हे कोण सांगणार? त्यासाठी आपल्या देशातच मोठं काम झालेलं आहे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, जी १९१८ साली कुन्नूरला सुरू झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आली, तिथे आपल्याच बाजारातली धान्यं, डाळी, भाज्या तपासून तक्ते केलेले आहेत. डॉ. गोपालन आणि सहकाऱ्यांचं पुस्तक अनेक वर्षं गृहविज्ञानाच्या मुलींच्या हातात असायचं. त्यानंतर २०१७ मध्ये नवे तक्ते आले, त्यात ५२८ पदार्थ आहेत. नव्या तक्त्यात एक गंमत आहे, सांगून ठेवते. त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. डाळीपुढे हजाराच्या वरचा आकडा बघून मी डोक्याला हात लावला. तो ४.१८४ ने भागायचा, म्हणजे आपली ओळखीची कॅलरी मिळते. जुन्या आणि नव्या आकड्यांत थोडा फरक आहे. वाण वेगळं, जमीन वेगळी, तपासायची पद्धत वेगळी. आपल्याला काही प्रयोगशाळा चालवायची नाही. मी गोळाबेरीज आकडे धरले. पाच-दहा इकडेतिकडे.

आता वजन. तुम्ही म्हणाल, स्वयंपाक करताना कोण काटा घेऊन बसतंय? माझंही तेच म्हणणं होतं. पण विचार करा, बाजारातून अर्धा किलो टोमॅटो आणले तर भाजीवाल्याने ते मोजूनच दिलेले असतात. पाव किलो दुधी मागितला तर तोही मोजलेला. अर्धा हिशेब पिशवीतूनच घरी येतो, आपण तो कट्ट्यावर ओतून विसरतो. फक्त साल, देठ, किडका भाग काढल्यावर जे उरतं ते धरायचं. पाव किलो दुधीचा सोलून दोनशे ग्रॅम राहिला. बारीकसारीक जिनसांसाठी मी आमच्या गल्लीतल्या वहिनींकडून इलेक्ट्रॉनिक काटा आणला, त्या केकच्या ऑर्डरी घेतात. आणि तिथेच मला माझ्या ‘थोडं’ या शब्दाची लाज वाटली. माझं ‘थोडं लोणी’ निघालं पंचवीस ग्रॅम!

टोमॅटो अर्धा किलो, शंभर ग्रॅमला वीस कॅलरी धरून शंभर. एक गाजर पाऊणशे ग्रॅमचं, तीस. एक कांदा सत्तर ग्रॅमचा, पस्तीस. म्हणजे सगळ्या भाज्या मिळून १६५. आता माझं ‘थोडं’ बघा. पंचवीस ग्रॅम लोणी, १८०. लोण्यात थोडं पाणी असतं म्हणून ग्रॅमला नऊ नाही, सातच्या आसपास पडतं. साखर तीन चहाचे चमचे, पंधरा ग्रॅम, साठ. कॉर्नफ्लॉवर दहा ग्रॅम, पस्तीस. क्रीम दोन मोठे चमचे, तीस ग्रॅम. पाकिटावर पंचवीस टक्के फॅट लिहिलेलं, म्हणजे साडेसात ग्रॅम फॅट, त्याला नऊने गुणायचं, वर दुधाचं थोडं, पंचाहत्तर. हे झालं ३५०. एकूण ५१५. चार वाट्या झाल्या, एका वाटीत १२९.

‘नुसतं सूपच तर आहे’ म्हणून मी दोन वाट्या पीत होते. २५८. वर तळलेल्या पावाचे तुकडे. एक स्लाइस पासष्टची, तिने प्यालेलं तेल एक चमचा धरलं तर पंचेचाळीस, मिळून ११०. बेरीज ३६८. ज्वारीची भाकरी पन्नास ग्रॅम पिठाची केली तर ती साधारण १७० ची होते. म्हणजे मी दोन भाकऱ्या सोडल्या आणि दोन भाकऱ्यांहून जास्त पिऊन टाकलं! बरं, भाकरी चावायला वेळ लागतो, तिच्याबरोबर पालेभाजी पोटात जाते. सूप पाच मिनिटांत संपतं आणि दहा वाजता पुन्हा भूक लागते. मग डब्यातला चिवडा. चिवडा मी त्या दिवशी मोजला नाही, धीर झाला नाही.

यात टोमॅटोचा काही दोष नाही हे लक्षात घ्या. अर्धा किलो भाज्यांच्या दुप्पट कॅलरी त्यावर पडलेल्या चार चमच्यांत होत्या.

आता सासूबाईंची वाटी. सोललेला दुधी दोनशे ग्रॅम, चोवीस कॅलरी. दोन टोमॅटो दीडशे ग्रॅम, तीस. एक लहान गाजर, चोवीस. पातेलंभर सूप, एक लिटर, त्याच्या सगळ्या मिळून ऐंशीदेखील नाहीत. पाच वाट्या. एका वाटीत सोळा. त्यातून गाळणीतला चोथा मी तुळशीला वाहिलेला, म्हणजे सोळाही पुऱ्या नाहीत. दिवसाच्या चार वाट्या मिळून चौसष्ट.

चौसष्ट! लेक म्हणाली, ‘‘आई, परत एकदा बघू,’’ म्हणून आम्ही परत बेरीज केली. तीच आली. २०२० च्या शिफारशींत आपल्या आयसीएमआरने बैठं काम करणाऱ्या प्रौढ स्त्रीला दिवसाला १६६० कॅलरी धरल्या आहेत. सासूबाईंचं वय झालं, वजन कमी, म्हणून थोड्या कमी लागतील हे मान्य. पण पोटातली निम्मी जागा ज्या सुपाने भरायची त्यातून त्यांना चौसष्ट मिळत होत्या. प्रथिनांचं तर विचारूच नका. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे पाऊण ते एक ग्रॅम प्रथिनं लागतात, त्यांच्या वजनाला छत्तीस-सदतीस ग्रॅम. दुधी आणि टोमॅटोतून ती कुठून येणार? त्यांच्या दंडाची कातडी सैल पडत चालली होती आणि मी दर वाटीला म्हणत होते, ‘‘प्या आई, पौष्टिक आहे.’’

त्या रात्री मला झोप आली नाही. मी काही वाईट केलं नव्हतं. तासभर खपून करत होते, गरम गरम नेऊन देत होते, शेजारणी कौतुक करत होत्या. आपण बायका हातून झालेल्या कष्टाला अन्न समजतो. सोलणं, चिरणं, गाळणं जितकं जास्त, तितकं ते पौष्टिक, असा काहीतरी आपला समज असतो.

हिशेबाची रीत आता सांगते, फार अवघड नाही. सगळे जिन्नस शिजवायच्या आधी, कच्चे असताना मोजायचे. फोडणीचं तेल धरायचं, वरून घातलेलं तूप धरायचं, साखर-गूळ धरायचा. हिंग, हळद, जिरं, कढीपत्ता सोडून द्या. प्रत्येकाची कॅलरी काढून बेरीज केली की ती झाली अख्ख्या पातेल्याची. ती आता बदलत नाही. उकळून उकळून आटवा, नाही तर तांब्याभर पाणी ओता, पातेल्याची बेरीज तीच राहते. बदलतं ते वाटीतलं. पातळ केलं की वाट्या वाढतात आणि प्रत्येक वाटी हलकी होते. हे आपल्याला खरं तर पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ऐन वेळी चार पाहुणे आले की आमटीत कोण पाणी वाढवतं?

मग वाट्या मोजायच्या. पण वाटी कुणाची? दवाखान्याच्या तक्त्यात ‘एक वाटी’ लिहिलेलं असतं. माझ्या रोजच्या वाटीत दीडशे मिलिलिटर मावतं, लग्नात आहेर आलेल्या बाऊलमध्ये अडीचशे, सूप मी देत होते तो सासूबाईंचा कप दोनशेचा. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली भरून घ्या आणि आपल्या वाटीत किती वेळा रिकामी होते ते एकदाच बघून ठेवा. किंवा दुसरी युक्ती, रिकाम्या पातेल्याचं वजन करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. सूप झालं की पातेल्यासकट काट्यावर ठेवायचं, पातेल्याचं वजा करायचं. मग शंभर ग्रॅम सुपात किती कॅलरी ते भागाकाराने मिळतं आणि वाटी कुठलीही असो, वजनावरून कळतं.

आणखी एक. वाढताना ढवळा. डाळीचं, भाजीचं जड ते तळाला बसतं. आजारी माणसाला आपण मायेने ‘वरचं निवळ’ काढून देतो, म्हणजे नेमकं ज्यात काही नाही ते. आणि रोजच्या जेवणात उलट होतं, जाड जाड सगळ्यांच्या पानात जातं, शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाटीला पाणी वाढवलेलं उरतं. तिने तर कधी हिशेब मागितलेलाच नसतो.

पाकिटातल्या सुपाचंही विचाराल. त्यावर सगळं छापलेलं असतं, पण आकडे शंभर ग्रॅम पावडरचे आहेत की तयार झालेल्या एका वाटीचे ते नीट बघा, गोंधळ तिथेच होतो. आणि कॅलरीपेक्षा त्यातल्या सोडियमकडे लक्ष द्या. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभराच्या मिठाची मर्यादा पाच ग्रॅमपेक्षा कमी सांगितली आहे, सपाट एक चहाचा चमचा. घरात कुणाला रक्तदाब असेल तर हे विसरून चालणार नाही.

तर, सासूबाईंचं सूप बदललं. खरं म्हणजे त्यांचंच जुनं सूप परत आणलं, मुगाचं कढण. मुगाची डाळ पन्नास ग्रॅम, छोटी मूठभर. १७० कॅलरी आणि बारा ग्रॅम प्रथिनं. लाल भोपळा शंभर ग्रॅम, पंचवीस. एक टोमॅटो, पंधरा. कुकरला मऊ शिजवून रवीने घोटायचं, गाळायचं नाही. वर दोन चहाचे चमचे तूप आणि जिऱ्याची फोडणी, नव्वद. एकूण तीनशे, दोन वाट्या झाल्या. एका वाटीत दीडशे कॅलरी, सहा ग्रॅम प्रथिनं. दोन वाट्या दुधीच्या पाण्यात बत्तीस होत्या, इथे तीनशे. पोटात जागा तेवढीच लागते आणि मिळतं नऊ पट. एक दिवसाआड त्यात दाण्याचं बारीक कूट, दहा ग्रॅमला पन्नास-पंचावन्न कॅलरी. संध्याकाळी कधी मऊ भात कढणातच कालवून. डॉक्टरांना विचारूनच केलं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना डाळ किती द्यायची ते वेगळं असतं, मधुमेहींचंही वेगळं, तेव्हा माझं कढण डोळे झाकून कुणाला पाजू नका.

आणि दुधीचं सूप? ते मी माझ्याकडे घेतलं. चोथ्यासकट, न गाळता, वर अर्धा चमचा तुपाची जिऱ्याची फोडणी. रात्री आधी एक वाटी ते, मग एक भाकरी आणि भाजी, आमटी. ज्या गुणामुळे ते सासूबाईंना उपयोगाचं नव्हतं, पोट भरतं आणि अंगी लागत नाही, त्याच गुणासाठी ते मला हवं होतं. दोन वाट्यांची नुसती अदलाबदल.

ही आमच्या एकट्या घरातली गोष्ट असती तर लिहिली नसती. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये १८.७ टक्के हव्या त्यापेक्षा बारीक निघाल्या आणि २४ टक्के हव्या त्यापेक्षा जाड. शंभरातल्या बेचाळीस-त्रेचाळीस जणी या नाही तर त्या टोकाला. त्या काही वेगवेगळ्या देशांत राहत नाहीत. पुष्कळदा एका गल्लीत, एका घरात, एकाच कुकरमधलं खातात. आणि दोघींना सल्ला एकच मिळतो, ‘सूप पी, पौष्टिक असतं.’ कोणासाठी? किती? हे कुणी सांगत नाही.

यात आपला, म्हणजे आम्हा लिहिणाऱ्यांचाही दोष आहे. या पानावर वर्षानुवर्षं पाककृती छापून येतात. मीही दिल्या आहेत. ‘साहित्य: टोमॅटो चार, लोणी आवडीप्रमाणे, साखर चवीपुरती.’ नाव ‘पौष्टिक सूप’. किती जणांसाठी ते नाही, किती वाट्या होतात ते नाही. चव आवडीप्रमाणे असू दे, पण लोणी आवडीप्रमाणे लिहायचं आणि वर पौष्टिक म्हणायचं, हे आता मला पटत नाही. मंडईत पाव किलोला वीस ग्रॅम कमी भरले तर आपण भांडतो, आणि स्वयंपाकघरात आल्यावर पंचवीस ग्रॅमला ‘थोडं’ म्हणतो.

हे मी आमच्या भिशीत बोलले तर एक मैत्रीण नाराज झाली. म्हणाली, ‘‘घासाघासाचा हिशेब ठेवायला लागलो तर घर राहील का खानावळ होईल?’’ तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. मलाही रोज काटा घेऊन बसायचं नाही, आणि लेकीच्या वयाच्या मुलींनी तर मुळीच बसू नये. त्या वयात आकड्यांचं वेड लागलं की पोरी जेवण टाकतात, हे आम्ही नात्यात बघितलेलं आहे. म्हणून वही मी माझ्याकडे ठेवली, तिला फक्त भागाकार करू दिला. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या घरात नेहमी होणारे पाच-सात पदार्थ एकदा, आयुष्यात एकदाच, मोजून बघा. वरण, आमटी, कढी, सार, खिचडी. वहीच्या एका पानावर मावतात. मग मोजायची गरज पडत नाही, हाताला कळतं. आजीच्या मुठीला कळायचंच की किती जणांना किती डाळ, तिच्यापुढे भागाकार मांडलेला नव्हता इतकंच.

नवरोबांनी ते पान वाचलं आणि पहिला प्रश्न केला, ‘‘यात माझा चहा का नाही?’’ दिवसातून पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे पन्नास ग्रॅम साखर, दोनशे कॅलरी. दूध धरलेलंच नाही. त्यानंतर ते पान त्यांनी पुन्हा मागितलं नाही.

सासूबाईंचं वजन दोन महिन्यांत सेहेचाळीसवर आलं. पायरी स्वतःच्या स्वतः उतरतात, अंगणात पारिजातकाची फुलं वेचतात. माझं एकोणसत्तर झालंय, सावकाश. परवा सासूबाईंनी कढणाचा पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. मला वाटलं, जड झालं की काय. म्हणाल्या, ‘‘कॅलरी सगळ्या घातल्यास, मीठ घालायचं राहिलं.’’

पुढच्या महिन्यापासून या सदरात सूप, सार आणि कढणं द्यायचा विचार आहे. तुमच्याकडची पाठवा. कोकणात कुळथाचं करत असाल, खानदेशात, विदर्भात आणखी काही वेगळं असेल, चिकनचं असेल तरी चालेल, वर तरंगणारी चरबी काढता की ठेवता तेवढं लिहा. फक्त प्रत्येक पाककृतीत तेल-तूप चमच्यात नव्हे तर ग्रॅममध्ये, आणि शेवटी एक ओळ, ‘याच्या किती वाट्या होतात आणि वाटी केवढी’. ‘चवीनुसार’ हा शब्द मिठापुरता चालेल.